थोरलीकडचं टपाल

प्रेमानंद खिल्लारे हा माणूस कुणाकडे काही मागत नसे. ऐकायला हे बरं वाटतं. पण ज्यांनी त्याच्याबरोबर दहा-अकरा वर्षं काढली त्यांना विचारा, म्हणजे कळेल ही काय तऱ्हा होती ती. डब्यातल्या भाजीला मीठ नसेल तर हा अळणी जेवेल, पण शेजारच्याला 'जरा मीठ द्या' म्हणणार नाही. एस.टी.त कनेरगाव नाक्यापासून हिंगोलीपर्यंत उभा राहील, पण बाकावर ऐसपैस बसलेल्याला 'थोडं सरका' म्हणणार नाही. गिरणीतले लोक त्याला चेष्टेने 'साहेब' म्हणत. तो कसला साहेब, कंप्युटरच्या खोलीतला ऑपरेटर होता.

ह्या खोडीचं मूळ पुसेगावात होतं. त्याचा आजा गावची येसकरकी करायचा. म्हणजे दिवसभर गावाची पडतील ती कामं, आणि दिवेलागणीला खांद्यावर घोंगडं टाकून, काठी आपटत दारोदार भाकर मागणं. धर्म बदलला त्या वर्षी प्रेमानंदचा बाप पुंजाजी वीसेक वर्षांचा होता. त्याने ती काठी चुलीत घातली आणि घरात कायदा केला, की उपाशी मरू, पण हात पसरायचा न्हाई. कायदा सोन्यासारखा होता. त्याच कायद्यावर पोरगं शिकलं, ताठ मानेनं गावात फिरलं. फक्त तो कायदा कुठवर लावायचा हे पुंजाजीने कधी सांगितलं नाही. लोकांच्या दारात भाकर मागणं वेगळं आणि आपल्याच माणसाला 'ये' म्हणणं वेगळं, एवढी साधी गोष्ट प्रेमानंदला उमगायला त्रेचाळीस वर्षं लागली.

हिंगोलीला आय.टी.आय. करून तो पुण्याला गेला, तिथल्या एका कंपनीत कंप्युटरला हात लागला आणि ते काम त्याला मानवलं. यंत्र त्याच्याशी नीट वागायचं. लग्न झालं, बायको राणी नर्स होती. एक्क्याण्णव साली मुलगी झाली, ऐश्वर्या. पुढे राणीला अमरावतीच्या एका दवाखान्यात कायमची नोकरी लागली, आणि त्याच सुमारास कनेरगाव नाक्याच्या अलीकडे नवीन सूतगिरणी उभी राहिली. तिथे कंप्युटरचा माणूस हवा होता. पुसेगावात आई-बाप थकलेले. प्रेमानंद गिरणीत आला. काही दिवस असं चालवू, असं दोघांनी ठरवलं होतं. पण 'नोकरी सोडून ये' असं तो तिला म्हणाला नाही, आणि 'तुमीच इकडं या' असं ती त्याला म्हणाली नाही. दोघंही मानी. भांडण असतं तर मिटलं तरी असतं. इथे नुसत्या गप्पा कमी होत गेल्या, आणि नव्याण्णव साल उजाडेपर्यंत ते वेगळे झाले होते. कोर्टात कोणी गेलं नाही. लेक आईकडे राहिली.

त्यानंतर तो वर्षातून दोनदा अमरावतीला जायचा. तासभर पोरीपुढे बसायचा, तिच्या वह्या बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचा. दोन हजार दोनच्या मे महिन्यात राणी त्याला स्टँडवर सोडायला आली. ऐश्वर्याही सोबत होती, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी. राणी म्हणाली, "सुट्टीत तिला न्यायचं असंल तर न्या. फक्त तिला एकदा विचारा."

"मी कुनाला मागाया जात न्हाई," प्रेमानंद म्हणाला.

"मागनं काहून म्हनता? लेक हाय तुमची."

"तिच्या मनात असंल तर ती म्हनंल."

राणी म्हणाली, ठीक, तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं तर मी अडवणार नाही, पण मी होऊनही धाडणार नाही. मग त्याने वहीचं पान फाडून त्यावर गिरणीतला आपला ई-मेलचा पत्ता लिहिला आणि पोरीच्या हातात दिला. तिच्या शाळेत कंप्युटर येणार होते. 'काही वाटलं तर लिही,' एवढंच तो म्हणाला. 'सुट्टीत ये' हे दोन शब्द त्याच्या ओठांवर आले होते, तिथेच बसले.

त्या दिवसापासून तो वाट बघायला लागला. भेटायला जाणंही त्याने बंद केलं. का, तर आपण समोर गेलो तर पोरीवर भीड पडेल, तिने मनापासून म्हणायला पाहिजे. वाढदिवसाला पार्सल मात्र न चुकता जायचं, फ्रॉक, कंपास, एकदा हिंगोलीतून शोधून आणलेला पृथ्वीचा गोल. आत चिठ्ठी नसायची. चिठ्ठीत काय लिहिणार, लिहायला बसलं की विचारावंच लागेल.

आता त्याच्या यंत्राची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गिरणीने मुंबईच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून एक जुना सर्व्हर आणला होता. दोन माणसांनी उचलावा असला करड्या रंगाचा पेटारा. गिरणीच्या साच्यांचा, म्हणजे सूत काढणाऱ्या यंत्रांचा हिशेब, सुताच्या प्रतीच्या नोंदी, सगळ्यांचं टपाल, सारं त्याच्या पोटात. त्यात दोन डिस्का होत्या आणि प्रत्येक डिस्कवर एक आख्खी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येत असे. चालू एका वेळी एकच. जुनीवर काम चालू ठेवायचं, दुसऱ्या डिस्कवर तिची नक्कल काढायची, ती नक्कल सावकाश नवी करायची आणि सगळं जमलं की एके दिवशी यंत्र बंद करून नवीवर उठवायचं. नवीने दगा दिला तर परत जुनीवर. एकाच छपराखाली दोन संसार म्हणा ना.

गिरणीचा स्टोअरकीपर उकंडराव, जीभ तिखट पण मनाने भला माणूस. त्याने ह्या दोघींची नावं ठेवली थोरली आणि धाकटी. सकाळी चहाला आला की काचेवर टकटक करून विचारायचा, "साहेब, आज मुक्काम कुनाकडं? थोरलीकडं का धाकटीकडं?" प्रेमानंद हसायचा. दिवसभरात तेवढंच कोणीतरी त्याच्याशी कामाशिवाय बोलायचं. थंड हवेची ती काचेची खोली, बाहेर साच्यांचा अखंड घोंगाट आणि आत पंख्याची घरघर. जेवणही तो तिथेच करायचा. गिरणीच्या मागच्या चाळीत त्याला एक खोली होती, पण तिथे जाऊन करायचं काय, म्हणून बरेचदा अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहायचा.

मुंबईचा इंजिनियर यंत्र बसवून गेला तेव्हा एक गोष्ट बजावून गेला होता. थोरलीवरून धाकटीवर जाताना यंत्र रीतसर, सावकाश बंद करायचं. कारण निघता निघता थोरली आपल्याकडचं राहिलेलं सामान धाकटीच्या हवाली करते. नक्कल काढल्यानंतर आलेलं टपाल, बदललेले पासवर्ड वगैरे. घाईच्या आज्ञेने झटक्यात बंद केलं तर ही सोपवासोपवी होत नाही. यंत्र उठेल, काम करील, पण थोरलीकडचं थोरलीकडेच राहील. प्रेमानंदने हे एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून पेटाऱ्यावर चिकटवलं होतं. 'रीतसर बंद करणे. टपाल सोपवले जाते.' खाली रेघ.

दोन हजार तीनच्या जानेवारीअखेर त्याने धाकटी तयार करायला घेतली. नक्कल काढून झाली त्याच संध्याकाळी पुसेगावहून निरोप आला, की पुंजाजीला झटका आला आणि नांदेडला हलवलंय. प्रेमानंद तसाच निघाला. दवाखान्यात अठरा दिवस गेले. पुंजाजीची वाचा गेली होती. तोंडाला पाणी लावलं की तो पोराचा हात धरायचा आणि धरूनच ठेवायचा. जन्मात ज्याने काही मागितलं नाही, तो असा हात धरून पडलेला बघून प्रेमानंदला बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहावं लागायचं. एकोणिसाव्या दिवशी पुंजाजी गेला. आई चांगुणा म्हणाली, "राणीला सांगावा धाड. नातीला बघायचं व्हतं त्याह्यला." प्रेमानंदने सांगावा धाडला नाही. त्याला वाटलं, अशा वेळी बोलावणं म्हणजे गळ घालणं.

सगळं उरकून तो अठ्ठावीस दिवसांनी गिरणीत परतला तर मॅनेजर दारातच. नवीन सिस्टिम आजच्या आज चालू झाली पाहिजे, प्रतीच्या नोंदी अडल्या आहेत. प्रेमानंदने थोरलीवर शेवटची कामं केली. टपाल बघायचं राहिलं, ते धाकटीवर येणारच होतं, तिथे निवांत बघू असं त्याने मनात म्हटलं. अकराला वीज गेली. रोजचीच गोष्ट. पण जनरेटरवाल्या किसनसिंगने आदल्या दिवशी डिझेल भरलं नव्हतं, तो कॅन घेऊन नाक्यावर पळाला, आणि इकडे वीज गेल्यावर यंत्राला धरून ठेवणारी बॅटरी केकाटायला लागली. तिच्यात सात-आठ मिनिटांचा जीव. रीतसर बंद व्हायला त्याहून जास्त वेळ लागला असता. अर्ध्यात वीज तुटली तर दोन्ही डिस्का जायच्या. प्रेमानंदने घाईची आज्ञा दिली आणि यंत्र झटक्यात विझवलं. दुपारी दोनला वीज आली तेव्हा त्याने हाताने दुसऱ्या डिस्कवरून उठवलं. धाकटी उठली. सगळं चाललं. मॅनेजरने पेढे मागवले.

पुठ्ठा डोळ्यांसमोर होता. पण बापाला जाऊन दहा दिवस झाले होते आणि त्याचं डोकं जागेवर नव्हतं.

संध्याकाळी त्याने टपाल उघडलं. नक्कल काढल्याच्या दिवसापर्यंतचं सगळं होतं, पुढे काहीच नव्हतं. अठ्ठावीस दिवसांत त्याला एकही पत्र आलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्याला शंका आली असती. एवढ्या दिवसांत कुठली जाहिरात नाही, की मुंबईच्या इंजिनियरची एखादी ओळ नाही? प्रेमानंदला शंका आली नाही. मला ह्या माणसाचा राग येतो तो इथे, आणि दयाही इथेच येते. आपल्याला कोणी पत्र लिहिलं नाही ह्यात त्याला नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

मॅनेजरचीही चार पत्रं मागे राहिली असणार, पण त्याची माणसं फोन करणारी. त्यांनी फोन केले आणि विषय मिटला.

पुढची साडेचार वर्षं प्रेमानंदने रोज सकाळी टपाल उघडलं. मे महिना जवळ आला की दिवसातून पाच-सहा वेळा उघडायचा. चाळीतल्या खोलीत त्याने दुसरी खाट आणून ठेवली होती, तिच्यावर पेपरांची रद्दी साठत गेली. दर वर्षी पार्सल गेलं, चिठ्ठीविना. अमरावतीहून कधी काही आलं नाही. पोरगी आपल्याला विसरली, असं त्याने मनाशी धरून टाकलं. तिच्यावर तो रागावला नाही. रागवायला हक्क लागतो, आणि तोही मागावाच लागतो असं त्याला वाटायचं. उकंडराव निवृत्त झाला, मुक्काम कुणाकडे हे विचारणारंही कोणी उरलं नाही.

दोन हजार सातच्या दिवाळीआधी गिरणी बंद पडली. साचे उतरवले गेले. मॅनेजरने निरोप ठेवला, सर्व्हर भंगारात जाणार आहे, दोन्ही डिस्का पुसून दे. आधी थोरली पुसायची, असं प्रेमानंदने ठरवलं. धाकटीवरून बसल्या जागी ते काम अर्ध्या तासात झालं असतं. पण इतक्या वर्षांत थोरलीला एकदाही उठवलं नव्हतं. तोंडही न बघता पुसून टाकणं त्याच्या जिवाला बरं वाटेना. त्याने यंत्र बंद केलं, ह्या वेळी अगदी रीतसर, आणि पहिल्या डिस्कवरून उठवलं.

थोरली कुरकुरत उठली. त्याने नाव आणि जुना पासवर्ड टाकला. पडद्यावर एक ओळ आली, की तुमच्यासाठी नवीन टपाल आहे.

त्यात तीन पत्रं एका शाळेच्या पत्त्यावरून आलेली होती. तिन्ही फेब्रुवारी दोन हजार तीनची, तिन्ही शनिवारची. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं.

पहिल्यात होतं, 'बाबा, मी ऐश्वर्या. आमच्या शाळेत कंप्युटर आला. आमचा तास फक्त शनिवारी असतो. मी सुट्टीत तुमच्याकडे येऊ का? आई हो म्हणाली. मला तुमचा कंप्युटर बघायचा आहे. उत्तर पाठवा.'

दुसऱ्यात, 'बाबा, मागच्या शनिवारी लिहिलं होतं. तुम्ही कामात असाल. आजोबा बरे आहेत का? त्यांना सांगा मी येणार आहे.' तारीख बघितली. त्याच पहाटे नांदेडला पुंजाजी गेला होता.

तिसरं सगळ्यात लहान होतं. 'सर म्हणाले पत्ता चुकला असेल. हे ज्यांना मिळेल त्यांनी कृपया प्रेमानंद खिल्लारे ह्यांना सांगावं की त्यांची मुलगी विचारत होती.'

 समोर पेटाऱ्यावर तो पुठ्ठा होता, पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात सुटलेला. अक्षर त्याचंच. प्रेमानंद रडला, मोठ्याने रडला. गिरणीत साचे नव्हते, त्यामुळे आवाज पार फाटकापर्यंत गेला आणि वॉचमन बघायला आला. 

रविवारी तो तिन्ही पत्रं छापून घेऊन अमरावतीला गेला. राणी ड्यूटीवर होती. दार ऐश्वर्याने उघडलं. सोळा वर्षांची, त्याच्या खांद्याला लागेल एवढी. चष्मा लागला होता. तिने पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि पाहुण्यांशी बोलावं तसं 'कधी निघालात' विचारलं. कोपऱ्यात कपाटावर पृथ्वीचा गोल होता.

त्याने कागद पुढे केले. तिने वाचले, हळू. मग त्याने सगळं सांगितलं. थोरली, धाकटी, बॅटरी, डिझेल, आजोबांचा हात. आयुष्यात इतकं सलग तो कोणाशी बोलला नसेल.  त्याचं संपल्यावर तिने प्रिंटरच्या कागदाला दोन्ही कडांनी असतात त्या भोकांच्या पट्ट्या एकेक करून फाडल्या.

"म्हणजे हे चार वर्षं एका डिस्कवर होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही दुसरीवर बघत होता."

"रोज बघत व्हतो. तू विचारशील म्हनून."

"मी पार्सलमध्ये चिठ्ठी शोधायचे, बाबा. कागद उलटा करून, पुठ्ठ्याच्या आत बोट घालून. मला वाटायचं, माझं वाचून तुम्ही ठेवून दिलं." तिचा आवाज चढला नव्हता. "यंत्राचं राहू द्या. मी बारा वर्षांची होते. मी तीनदा विचारलं. तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं."

 तिची बारावी होती, क्लासची वेळ झाली होती. ती वह्या भरायला लागली. प्रेमानंद उठला, चपला घातल्या, जिना उतरायला लागला. चार पायऱ्या उतरून तो उभा राहिला. जिन्यात कोणीतरी फोडणी टाकल्याचा वास होता. तो परत वर आला. ती कुलूप हातात घेऊन दारातच होती.

"ऐश्वर्या," तो म्हणाला. "परीक्षा झाल्यावर, सुट्टीत, येशील का माझ्याकडं?"

तिने कुलूप लावलं, ओढून बघितलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बघते."

ती सायकल काढून क्लासला गेली. प्रेमानंद पायी स्टँडवर आला आणि वाशीमच्या गाडीत चढला. गाडी भरलेली होती. तिसऱ्या बाकावर एक म्हातारा शेजारी गाठोडं ठेवून बसला होता. प्रेमानंद थोडा वेळ दांडा धरून उभा राहिला, आणि मग त्याला म्हणाला, "बाबा, जरा सरकता का."